विडूडभाची चौथी स्वारी : वंशसंहार-प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांची समीक्षा

१. कथा

धम्मपदाच्या पुप्फवग्गातील एका गाथेच्या निमित्ताने अट्ठकथाकारांनी विडूडभाची कथा सांगितली आहे. भद्दसाल जातकाच्या प्रास्ताविकातही ती येते. विहारांतील प्रवचनांतून आपण ती अनेकदा ऐकली आहे. परंतु कर्मविपाकाचे एक उदाहरण म्हणून ती सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. आमच्या मते ही कथा याहून फार मोठी आहे. एका संपूर्ण गणाचा संहार टाळण्यासाठी झालेल्या प्रयत्नाची आणि त्या प्रयत्नाच्या अपयशाची ती कथा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ साली वंशसंहाराविरुद्ध करार संमत केला, त्यास आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. त्या कराराचे यशापयश तपासताना आम्हांस ही कथा वारंवार आठवली, आणि कथा तपासताना करार आठवला. म्हणून दोहोंची समीक्षा एकत्र करण्याचे आम्ही योजिले आहे.

कथा थोडक्यात अशी. कोसलराजा पसेनदी याला भगवंतांच्या शाक्यकुळाशी सोयरीक करावीशी वाटली. शाक्य हे कोसलाचे मांडलिक. नाही म्हणण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते आणि होय म्हणण्यास कुलाभिमान आड येत होता. तेव्हा महानाम शाक्याने एका दासीपासून झालेली आपली कन्या वासभखत्तिया हिला कुलीन राजकन्या म्हणून पाठविले. तिचा पुत्र विडूडभ. सोळा वर्षांचा झाल्यावर तो आजोळी कपिलवस्तूस गेला. त्याला वंदन करावे लागू नये म्हणून शाक्यांनी त्याच्याहून लहान असलेल्या कुमारांना आधीच बाहेरगावी धाडले होते. तो परत निघाल्यावर संथागारातील त्याचे आसन एका दासीने, दासीपुत्र बसल्याचा उद्धार करीत, दूध-पाण्याने धुतले. विसरलेले शस्त्र नेण्यास परतलेल्या सैनिकाने हे पाहिले आणि ती वार्ता विडूडभाच्या कानी गेली. राजा झाल्यावर हेच आसन शाक्यांच्या रक्ताने धुण्याची त्याने प्रतिज्ञा केली.

राज्य हाती येताच तो सैन्यासह निघाला. भगवंत एकटे जाऊन शाक्यांच्या सीमेत, विरळ पानांच्या एका झाडाखाली बसले. सीमेच्या अलीकडे, विडूडभाच्या राज्यात, दाट सावलीचा वड होता. तो सोडून आपण येथे का बसलात, असे विडूडभाने विचारले. ज्ञातिजनांची सावलीच शीतल असते, अशा अर्थाचे उत्तर भगवंतांनी दिले. विडूडभ परतला. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वारीच्या वेळीही असेच घडले. चौथ्या वेळी भगवंत गेले नाहीत. विडूडभाने कपिलवस्तू गाठले आणि आपण शाक्य असल्याचे जे जे म्हणाले त्या सर्वांना, तान्ह्या मुलांसह, मारविले. हाती गवत किंवा बोरू धरून शब्दच्छलाने शाक्यत्वाचा उच्चार टाळणारे तेवढे वाचले. तसेच महानामाबरोबरचे लोक वाचले. आसन रक्ताने धुतले गेले. परतताना अचिरवतीच्या पुरात विडूडभही सैन्यासह बुडाला.

ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारावी असे आम्ही म्हणत नाही. ती मूळ सुत्तांतील नाही. भगवंतांनंतर जवळजवळ एक हजार वर्षांनी सिंहलद्वीपात ग्रथित झालेल्या अट्ठकथेतील ती आहे. महापरिनिब्बान सुत्तात कपिलवस्तूचे शाक्य भगवंतांच्या अस्थींचा वाटा मागावयास येतात, म्हणजे शाक्यांचा समूळ उच्छेद झाला नसावा. तथापि संहार कसा सिद्ध होतो, याची या कथेला असलेली जाण थक्क करणारी आहे. प्रथम माणसाच्या स्पर्शाने विटाळलेले आसन धुतले जाते. मग प्रतिज्ञा होते. मग अनेक वर्षे जातात. मग सैन्य निघते. अखेरीस मारेकरी प्रत्येकास एकच प्रश्न विचारतो : तू कोणाचा?

२. करार

'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रथम योजिला. मराठीत त्यास वंशसंहार, वंशविच्छेद असे प्रतिशब्द रूढ आहेत. लेमकिन यांनी समूहांच्या संहाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदा असावा, हा प्रस्ताव १९३३ सालीच माद्रिद येथील परिषदेसाठी लिहिला होता. तो स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. पुढे लेमकिन यांच्या स्वतःच्या कुटुंबातील बहुतेक माणसे त्या संहारात गेली. म्हणजे या कराराचा जन्मदाताच असा, की ज्याने प्रतिज्ञेच्या वेळी इशारा दिला आणि ज्याचे कोणी ऐकले नाही.

महायुद्धानंतर, डिसेंबर १९४६ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा असल्याचा ठराव संमत केला. तो ठराव मांडणाऱ्या तीन देशांत क्यूबा व पनामा यांच्यासमवेत भारत होता, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे करार संमत झाला आणि १९५१ च्या जानेवारीत तो अमलात आला. मानवी हक्कांचा जाहीरनामा दुसऱ्या दिवशी संमत झाला. त्याची कीर्ती मोठी झाली. वास्तविक राष्ट्रांना कायद्याने बांधून घेणारा दस्तऐवज आदल्या दिवशीचा आहे.

कराराच्या नावातच दोन क्रिया आहेत : प्रतिबंध आणि शिक्षा. कराराचे अंतरंग वाचले म्हणजे असे दिसते, की शिक्षेबाबत त्यात बरेच काही सांगितले आहे आणि प्रतिबंधाबाबत फारच थोडे. पहिल्या अनुच्छेदात प्रतिबंधाचे कर्तव्य मान्य केले आहे. आठव्या अनुच्छेदात कोणत्याही सदस्य-राष्ट्रास संयुक्त राष्ट्रसंघाच्या सक्षम अंगांकडे दाद मागता येते. याखेरीज ते कर्तव्य कोणी, केव्हा, कसे बजवावयाचे, हे करार सांगत नाही.

दुसरी उणीव व्याख्येची. करार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय व धार्मिक अशा चारच प्रकारच्या समूहांचे रक्षण करतो. राजकीय समूह मसुद्यातून गळाले. भाषा, ग्रंथ, प्रार्थनास्थळे नष्ट करून समूहाचा आत्मा मारणे, ज्यास लेमकिन फार महत्त्व देत, तेही गळाले. जातीचा उल्लेख तर कोठेच नाही. ज्या समाजव्यवस्थेत जन्मानेच माणसाचे आसन ठरते आणि विटाळाने ते धुतले जाते, त्या व्यवस्थेचे नाव या जागतिक दस्तऐवजात नसावे, हे आम्हांस खटकते. तथापि येथे तोल सांभाळला पाहिजे. अस्पृश्यता आणि वंशसंहार या एकच गोष्टी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. एकीला माणूस सेवेसाठी जिवंत हवा असतो, तर दुसरीला तो मुळीच नको असतो. परंतु दोहोंचा आरंभ एकाच कृत्यात आहे. दुसऱ्याच्या बसण्याने जागा बाटते, असे ठरविणे हे ते कृत्य.

३. सीमेवर कोण बसले?

करार अमलात आल्यानंतरही सीमेवरचे झाड बहुधा रिकामेच राहिले. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात सुमारे १७ लाख माणसे मेली. मारणाऱ्या राजवटीचे प्रतिनिधी त्यानंतरही अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रसंघात त्या देशाच्या आसनावर बसत होते.

रवांडाचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३० च्या दशकात तेथील प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी असा शिक्का उमटविला आणि अल्पसंख्य तुत्सींना वरचे आसन दिले. हुतूंचा अपमान खरा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास पारडे फिरले, तेव्हा तोच अपमान सूडाचे भांडवल झाला. विडूडभाचे दुःखही खरे होते, आणि म्हणूनच त्याची प्रतिज्ञा इतकी भयंकर झाली. १९९३ पासून तेथील एक नभोवाणी केंद्र तुत्सींना झुरळे म्हणू लागले. ११ जानेवारी १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे सेनापती रोमेओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार धाडली : शस्त्रसाठे जमविले जात आहेत, तुत्सींच्या याद्या केल्या जात आहेत, साठे जप्त करण्याची परवानगी मिळावी. परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. रस्तोरस्ती ओळखपत्रे तपासली जात होती. तू कोणाचा, हाच प्रश्न. संहार सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. ज्यांनी जावयाचे ते गेले. घानाचे सैनिक मोठ्या संख्येने थांबले, आणि त्या मूठभर सैनिकांच्या आश्रयाने किगालीच्या क्रीडांगणात हजारो लोक वाचले. झाडाची सावली विरळ होती, पण जेथे कोणी बसले तेथे ती पुरली. ही गोष्ट, काहीच करणे शक्य नव्हते, असे नंतर म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

पुढच्याच वर्षी बोस्नियात स्रेब्रेनित्सा घडले. १९९३ साली सुरक्षा परिषदेनेच त्या गावास सुरक्षित क्षेत्र घोषित केले होते, डच शांतिसैनिक तेथे होते, आणि जुलै १९९५ मध्ये तेथील सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलगे काही दिवसांत मारले गेले. येथे झाडाखाली कोणीतरी बसले होते, पण उठून बाजूस झाले.

या दोन अपयशांनंतर बरेच काही उभे राहिले, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. रवांडाविषयक न्यायाधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये एका नगरप्रमुखास वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले आणि स्त्रियांवरील बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, असा निर्णय दिला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ साली अस्तित्वात आले. २००४ साली वंशसंहार-प्रतिबंधासाठी महासचिवांचा विशेष सल्लागार नेमला गेला. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी, आपल्या जनतेचे अशा अत्याचारांपासून रक्षण करणे ही प्रत्येक राज्याची जबाबदारी असून ती पार पाडण्यात उघड कसूर झाल्यास आंतरराष्ट्रीय समाजाने सुरक्षा परिषदेमार्फत कृती करावी, हे तत्त्व मान्य केले. आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्नियाच्या दाव्यात एक मौलिक गोष्ट सांगितली : संहार सुरू होण्याची वाट पाहावयाची नाही, गंभीर धोका आहे हे राज्यास कळते, किंवा कळावयास हवे होते, त्या क्षणी प्रतिबंधाचे कर्तव्य सुरू होते. आमच्या कथेच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रतिज्ञा ऐकली तेव्हाच निघावयाचे, सैन्य दिसल्यावर नव्हे.

तत्त्व उत्तम आहे. पण ते कोणाच्या हाती आहे? सुरक्षा परिषदेतील पाचांपैकी एकाने हात वर केला, की सर्व थांबते. सीरियाच्या बाबतीत तो हात पुनःपुन्हा वर गेला. उलट लिबियात, २०११ साली, नागरिकांच्या रक्षणाचा ठराव राजवट उलथविण्यापर्यंत ताणला गेला आणि लहान राष्ट्रांच्या मनात या तत्त्वाविषयी संशय रुजला. भगवंत सीमेवर गेले तेव्हा त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, आणि कोसलाची गादी कोणास मिळावी याविषयी त्यांस काही मिळवावयाचे नव्हते. विडूडभ परतला तो या निःस्वार्थतेपुढे. ज्याच्या बसण्यात स्वार्थ दिसतो, त्याच्या सावलीवर कोणी विश्वास ठेवीत नाही.

४. ब्रह्मदेश

येथवरचे विवेचन आपण दुरून वाचू शकतो. पुढचे तसे वाचता येणार नाही. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, ही आपल्या दृष्टीने परकी भूमी नव्हे. बाबासाहेब १९५४ साली रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. धम्मक्रांतीची जी तयारी त्यांच्या मनात चालली होती, तीत त्या देशाच्या दर्शनाचा वाटा आहे. त्याच देशाने १९५६ साली वंशसंहारविरोधी करारास अनुसमर्थन दिले.

त्या देशाच्या राखाइन प्रांतातील रोहिंग्या मुस्लिमांचे आसन क्रमाक्रमाने धुतले गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने ज्यांना देशाच्या मूळ जमाती मानले त्यांत त्यांना जागा नव्हती. २०१२ मध्ये दंगली होऊन त्यांतील लाखाहून अधिक माणसे छावण्यांत कोंडली गेली. २०१४ च्या जनगणनेत स्वतःस रोहिंग्या म्हणविण्याची मुभा नव्हती. २०१५ साली त्यांची तात्पुरती ओळखपत्रे रद्द झाली आणि मताचा अधिकारही गेला. त्याच वर्षी धर्मांतर, आंतरधर्मीय विवाह आणि संतती यांवर बंधने घालणारे चार कायदे झाले, आणि त्यांसाठी आग्रह धरणाऱ्या संघटनेच्या अग्रभागी चीवरधारी भिक्षू होते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर सैन्य निघाले. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली, तेथील सेनापतींची वंशसंहाराबद्दल चौकशी व्हावी, असा निष्कर्ष दिला. २०१९ साली संघाने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करविली, तेव्हा आपल्या यंत्रणेत एकवाक्यता नव्हती, हे त्यास मान्य करावे लागले. रवांडापासून पंचवीस वर्षांनी!

येथे विडूडभाचा दृष्टान्त जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य केले पाहिजे. कथेत ज्याचे आसन धुतले गेले तोच पुढे मारेकरी झाला. ब्रह्मदेशात ज्यांचे आसन धुतले गेले तेच मारले गेले; धुणाऱ्या हातानेच पुढे तलवार उचलली. आधुनिक काळातील बहुतेक संहार या दुसऱ्या प्रकारचे आहेत. म्हणूनच आसन धुण्याच्या वेळी उभे राहणे अधिक निकडीचे ठरते. कारण अपमान आणि संहार यांच्यामध्ये आता दुसरा हात नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये, निर्वासितांचे लोंढे चालू असताना, सीतागू सयाडो या अत्यंत प्रतिष्ठित महास्थविरांनी एका लष्करी तळावर सैन्याधिकाऱ्यांपुढे महावंसातील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. युद्धात असंख्य माणसे मारल्याने राजा व्यथित होतो, तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात, की खरे पाहता दीडच माणूस मारला गेला : त्रिशरण घेतलेला एक आणि पंचशीलही घेतलेला दुसरा, बाकीचे पशुवत. आम्ही स्पष्टपणे लिहितो : ही कथा महावंसात असली, तरी ती बुद्धवचन नाही. ती राजाश्रयाने वाढलेल्या इतिवृत्ताची राजनिष्ठा आहे. ज्या शास्त्याने वासेट्ठ सुत्तात, गवतापासून पक्ष्यांपर्यंत जातिभेदाच्या खुणा असतात पण माणसामाणसांत तशी खूण नसते, हे दाखवून दिले, त्याच्या नावाने माणसाचा हिशेब अपूर्णांकात मांडला जावा, याहून मोठी धम्महानी कोणती? मनुस्मृतीत प्राणाची किंमत वर्णानुसार ठरते, म्हणून आपण ती नाकारली. तोच हिशेब पालीत लिहिला म्हणून तो स्वीकारता येणार नाही.

याच देशात दुसरेही चित्र आहे. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात दंगल पेटली, तेव्हा ऊ विथुद्दा या भिक्षूंनी शेकडो मुस्लिमांना आपल्या विहारात आश्रय दिला आणि जमाव त्यांना मागावयास आला असता ते स्वतः दारात उभे राहिले. त्यांच्यापाशी ठराव नव्हता, सैन्य नव्हते. होते ते विरळ पानांचे झाड. कंबोडियात भदंत महाघोसानंद, जे आपल्या नालंदा येथे शिकले होते, ते १९७८ पासून थायलंडच्या सीमेवरील निर्वासित छावण्यांत गेले, आणि १९९२ पासून त्यांनी सुरुंग पेरलेल्या प्रदेशातून धम्मयात्रा काढल्या. त्यांच्या नात्यागोत्यातील माणसे संहारात गेली होती, तरी त्यांच्या हाती मेत्त सुत्ताच्या प्रती होत्या.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रह्मदेशाविरुद्ध उभा राहिला तो गांबिया, पश्चिम आफ्रिकेतील एक चिमुकला देश. त्याची सीमा ब्रह्मदेशास कोठेही लागत नाही. त्याचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू यांनी पूर्वी रवांडाविषयक न्यायाधिकरणात काम केले होते. बांगलादेशातील छावणीत निर्वासितांच्या हकिकती ऐकताना त्यांना रवांडा आठवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा दाखल झाला. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने एकमताने रक्षणाचे तात्पुरते आदेश दिले. जुलै २०२२ मध्ये ब्रह्मदेशाचे प्राथमिक आक्षेप फेटाळले. वंशसंहाराविरुद्धचे कर्तव्य हे प्रत्येक राष्ट्राचे सर्व राष्ट्रांप्रती असते, हे त्यातून पक्के झाले. दाट सावलीची वडाची झाडे असलेली राष्ट्रे स्वस्थ बसली असता विरळ झाडाखाली गांबिया जाऊन बसला, ही आमच्या मते या कराराच्या इतिहासातील सर्वांत आशादायक घटना आहे. आणि तो बौद्ध देश नाही, ही आपणांस अंतर्मुख करणारी घटना आहे.

५. चौथ्या वेळी का गेले नाहीत?

आता कथेतील कठीण जागेकडे वळू. चौथ्या वेळी भगवंत का गेले नाहीत? अट्ठकथा सांगते, की शाक्यांनी पूर्वजन्मी नदीत विष टाकले होते; त्या कर्माचा विपाक अटळ आहे, हे भगवंतांनी जाणले. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

ते मान्य केले तर तान्ह्या मुलांचा वध न्याय्य ठरतो. रवांडातील, स्रेब्रेनित्सातील, राखाइनमधील प्रत्येक मेलेल्याच्या मागे एखादी विषारी नदी शोधता येते, आणि मारणारा केवळ विपाकाचा पोस्टमन उरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नेमका याच कारणाने नाकारला : त्यामुळे दुःखितांच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून उतरते. अस्पृश्यांना तुमच्या पूर्वकर्माचे हे फळ, असे हजारो वर्षे ऐकविले गेले. तेच उत्तर शाक्यांच्या प्रेतांस ऐकविण्याचा अधिकार अट्ठकथाकारांसही नाही.

आणखी एक जागा अशीच आहे. दासीपुत्राचे रहस्य कळल्यावर पसेनदीने माय-लेकांचा मान काढून घेतला, तेव्हा भगवंतांनी त्याची समजूत घातली, असे कथा सांगते. पण ज्या युक्तिवादाने घातली तो युक्तिवाद असा, की मातेचे कूळ गौण, पित्याचे कूळ प्रमाण. वासेट्ठ सुत्ताचा उपदेशक असा युक्तिवाद करील, हे आम्हांस पटत नाही. येथे अट्ठकथाकारांचा काळ बोलत आहे. दासी असणे हा दोष नव्हे, एवढे एक वाक्य त्या कथेत कोणाच्याही तोंडी नाही. जिने आसन धुतले तीही दासीच होती. आपल्याच अपमानाचे पाणी तिच्या हातून ओतविले गेले, याची कथेला खंत नाही.

आमच्या मते चौथ्या स्वारीचे खरे कारण कथेतच आहे. तीन वेळा सैन्य परतले. या तीन स्वाऱ्यांच्या दरम्यान कपिलवस्तूत काय झाले? कथा काहीच सांगत नाही. कोणी शाक्याने क्षमा मागितली नाही. ज्या कुलाभिमानाने फसवणूक केली तो संथागारात कोणी प्रश्नास लावला नाही. कोसलाच्या दरबारातही कोणी विडूडभास, तुझा सूड तान्ह्या मुलांवर का, असे विचारले नाही. सर्वांनी सीमेवरच्या एका महापुरुषावर भार टाकला आणि सगळे निश्चिंत राहिले. शाक्यांचा अपमान करण्याचा दोष त्यांच्या संहाराचे समर्थन कदापि होऊ शकत नाही, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. परंतु एक व्यक्ती कितीही थोर असली, तरी कायम सीमेवर बसू शकत नाही. समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी नसेल तर केवळ कायदा हक्कांचे रक्षण करू शकत नाही, हे बाबासाहेब १९४३ च्या रानडे व्याख्यानात सांगून गेले. आंतरराष्ट्रीय प्रयत्नांची मर्यादा नेमकी हीच आहे. ते स्वारी थोपवू पाहतात. आसन धुण्याची रीत तशीच राहू देतात.

६. आपले कर्तव्य

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी संगती लावली ती येथे मार्ग दाखविते. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघापुढे आला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने आपल्याच संघात, आपल्याच माणसांपुढे उभे राहून विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. त्याने सैन्यात जाण्याचे नाकारले आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. सीमेवरचे झाड नंतरचे आहे; प्रतिबंधाचा आरंभ आपल्या संथागारात होतो.

आपले संथागार म्हणजे प्रथम आपला देश. १९४६ चा ठराव मांडणाऱ्या भारताने १९५९ साली करारास अनुसमर्थन दिले; पण पाचव्या अनुच्छेदानुसार जो देशांतर्गत कायदा करावयाचा तो केला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी, १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्याचा निर्णय देताना, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही पळवाट बुजविली पाहिजे, असे म्हटले. त्यानंतर भारतीय न्याय संहिता आली. तीतही ही पोकळी राहिली. दुसरीकडे, अत्याचार-प्रतिबंधाचा एक उत्तम आराखडा आपल्याच देशात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत आहे. तिसऱ्या नियमानुसार राज्य शासनाने अत्याचाराचा धोका असलेली क्षेत्रे आधीच ओळखावयाची, तेथील शस्त्र-परवाने तपासावयाचे, बंदोबस्त ठेवावयाचा. डॅलेअर यांनी न्यूयॉर्ककडे जे मागितले, ते आमच्या नियमात छापलेले आहे. २००६ साली खैरलांजी घडले तेव्हाही ते छापलेले होते. प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात अशी क्षेत्रे निश्चित झाली आहेत काय, हे विचारावे. घटनेनंतरच्या मोर्चाइतकेच महत्त्व घटनेआधीच्या या एका अर्जास आहे.

दुसरे संथागार म्हणजे बौद्ध जगत. २०१७ साली दलाई लामा यांनी, तथागत आज असते तर त्यांनी या पीडित मुस्लिमांना साहाय्य केले असते, असे जाहीरपणे म्हटले. आम्ही त्या वेळी काय लिहिले, असे स्वतःस विचारता आमची मान खाली जाते. बौद्ध देशावर टीका केल्याने धम्माचे शत्रू सुखावतील, ही भीती आम्हांस वाटली. आज आम्हांस कळते, की शाक्यांनाही हीच भीती वाटली असावी : घरची गोष्ट संथागाराबाहेर जाऊ नये.

विहारांतून विडूडभाची कथा अवश्य सांगावी. मात्र ती नदीतल्या विषापाशी संपवू नये. दुधाने भरलेल्या त्या घागरीपाशी थांबावे, आणि श्रोत्यांस विचारावे, की तुमच्या गावात, वस्तीत, कचेरीत आज कोणाचे आसन धुतले जात आहे. आणि ते धुणाऱ्यांत आपण तर नाही ना.